पीएसए वाढलाय आणि बायोप्सी राहिलीय? जळोची आणि पंचक्रोशीला तातडीचे आवाहन

जळोची, रुई, तांदूळवाडी, गुणवडी, काटेवाडी आणि तिकडे सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकीपासून इंदापूरपर्यंतच्या पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या पुरुषांना हे आवाहन आहे. त्यांच्याहूनही जास्त ते त्यांच्या घरातल्या बायकांना, मुलांना आणि सुनांना आहे. ज्या घरात पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा, वाढलेला रिपोर्ट कपाटात, गादीखाली किंवा सदऱ्याच्या खिशात पडून असेल, त्यांनी हे आज वाचावे आणि उद्या सकाळी दवाखाना गाठावा.

रिपोर्ट पडून का राहतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लघवीचा त्रास वाढला म्हणून तात्या कधीतरी डॉक्टरांकडे गेलेले असतात. रक्त तपासले जाते, पीएसएचा आकडा चारच्या, कधी दहाच्याही पुढे निघतो आणि डॉक्टर म्हणतात, "बायोप्सी करून घ्या." तिथून पुढे सगळे ठप्प. "सुई लागली की गाठ उठते." "हवा लागली की कॅन्सर अंगभर पसरतो." "आमच्या भावकीत एकानं तपासलं आणि सहा महिन्यांत गेला." ही जुनी कारणे झाली. हल्ली त्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे : "मोठ्या शहरांत आता रोबोट करतो म्हणे बायोप्सी. तो बारामतीला आला की बघू."

जुन्या भीतीपेक्षा हे नवे कारण मला जास्त धोक्याचे वाटते, कारण ते शहाणपणासारखे दिसते. म्हणून रोबोट नेमके काय करतो, काय करत नाही आणि त्याच्यासाठी थांबणे का परवडणारे नाही, हे इथे थोडे विस्ताराने सांगतो.

आधी सुईचा संशय मिटवू. बायोप्सीच्या सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत अगदी तुरळक आहेत. न तपासलेला कॅन्सर हाडांत उतरल्याच्या घटना मात्र कॅन्सर रुग्णालयाच्या कोणत्याही ओपीडीत बाकावर बसलेल्या दिसतील. भावकीतला तो माणूस सहा महिन्यांत गेला, तो बहुधा तपासल्यामुळे नव्हे. आजार मणक्यापर्यंत पोहोचल्यावर तपासणी झाली, म्हणून गेला.

प्रोस्टेट ही पुरुषाची ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम. वय वाढते तशी बहुतेकांची ग्रंथी फुगते, नळी दाबली जाते आणि मग रात्रीतून चारदा उठणे, धार बारीक होणे, थांबून थांबून लघवी होणे, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटणे सुरू होते. ही साधी वाढ. ती कॅन्सर नव्हे आणि तिचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. कॅन्सरची तऱ्हा वेगळी आहे. तो बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून लांब सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला धार बारीक होत नाही, दुखत नाही, काहीच कळत नाही. "मला लघवीचा कसलाही त्रास नाही" हा पुरावा इथे चालत नाही.

त्रास सुरू होतो तो पुष्कळदा कमरेत. आपल्याकडे कंबर दुखली की ठरलेले उत्तर असते : मणक्यात गॅप आहे. मग मालिश, पट्टा, गावोगावच्या हाडवैद्याकडे चकरा. साठी-सत्तरीतल्या माणसाची कंबर काही आठवडे सतत, रात्रीही दुखत असेल, वजन उतरत असेल, तर एक्स-रेबरोबर पीएसए तपासायला सांगा. आणि पायातली ताकद कमी झाली, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर ओपीडीची वाट पाहू नका, त्याच तासाला इमर्जन्सीत घेऊन जा. मज्जारज्जूवर दाब आलेला असतो. उपचार तासांत मिळाले तर माणूस चालता राहतो, दिवस गेले तर खाटेला खिळतो.

हा आजार शहरवाल्यांचा, असे समजू नये. देशातल्या कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवर आधारलेल्या अभ्यासांत दिल्ली, कोलकाता, तिरुवनंतपुरम आणि पुणे इथल्या पुरुषांत प्रोस्टेट हा दुसऱ्या क्रमांकाचा कॅन्सर दिसला, मुंबई आणि बंगळूरला तिसऱ्या. पुणे शहर आपल्यापासून १०० किलोमीटर. खेड्यात हे प्रमाण कमी दिसते, पण तपासणीच होत नसेल तर नोंदीत काय उमटणार?

खेड्यातल्या नोंदींचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शेजारची एक गोष्ट सांगायलाच हवी. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी सुरू झाली, ग्रामीण भारतातली पहिली. पुढे याच रुग्णालयाने मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास केला. १९९९ मध्ये सुरुवात झाली. गावांचे ५२ गट, १,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९. ज्या गटांत एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, त्या गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या तपासणी धोरणांत त्यांचा दाखला दिला जाऊ लागला.

त्या बायका आपल्याच बोलीच्या, आपल्यासारख्याच रानात राबणाऱ्या होत्या. लाज त्यांना नव्हती का? होती, पण त्या तपासणीला आल्या. आणि आपण? गुडघ्याच्या वर धोतर खोचून भर चौकात राजकारण करणारी माणसे, डॉक्टरांनी बोटाने तपासतो म्हटले की विषय बदलतो. हे कडक वाटेल, पण आता मऊ बोलून भागणार नाही.

आता बायोप्सी. ती का लागते आणि तिच्यात काय बदलले आहे, हे ज्याने एकदा तरी माती परीक्षणाला नमुना दिला आहे त्याला लगेच कळेल. कृषी विज्ञान केंद्रवाले सांगतात, शेतात नागमोडी चाला, आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या, बांधाजवळची आणि उकिरड्याखालची माती घेऊ नका. पण नीरा डाव्या कालव्याखाली एखाद्या कोपऱ्यात चोपण चट्टा असला आणि तो नेमका नागमोडी वाटेत आला नाही, तर रिपोर्ट चांगला येतो आणि ऊस मात्र त्या कोपऱ्यात पिवळाच राहतो. प्रोस्टेटची जुनी बायोप्सी अशीच होती. गुदद्वारातून सोनोग्राफीची नळी घालून ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून साधारण १२ तुकडे घ्यायचे, प्रत्येक दीड-दोन सेंटीमीटर लांबीचा, सुतासारखा बारीक. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण कॅन्सरचा चट्टा बहुतेकदा ठळक दिसत नाही. त्यामुळे सुई चट्ट्यात गेली तर गेली. फरक एवढाच की मातीचे नमुने आपण एकत्र कालवतो, इथे प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत, जागेची चिठ्ठी लावून ठेवतात.

मोठा बदल घडवला एमआरआयने. सुई लावण्याआधी एमआरआय केला, तर संशयास्पद जागा आधीच कळते. रेडिओलॉजिस्ट तिला १ ते ५ असा गुण देतात. ४ आणि ५ म्हणजे संशय दाट. २०१८ साली ११ देशांतल्या ५०० पुरुषांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्यांची जुन्या पद्धतीने बायोप्सी केली, निम्म्यांचा आधी एमआरआय केला. ज्याच्यावर उपचार हवेतच असा कॅन्सर जुन्या पद्धतीने २६ टक्के पुरुषांत सापडला, एमआरआयच्या गटात ३८ टक्के. एमआरआयच्या गटातल्या २८ टक्के लोकांना सुई लावायची गरजच पडली नाही. आणि ज्याला हातही लावायची गरज नसते, असा निरुपद्रवी कॅन्सर उगाच सापडून माणूस घाबरण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ९ वर आले. बायोप्सी सांगितली की डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा : "आधी एमआरआय करायचा का?"

दुसरा प्रश्न वाटेचा. गुदद्वारातून सुई घातली की आतड्यातले जंतू सोबत रक्तात जाण्याचा धोका असतो. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून सुई घातली, तर तो धोका कमी होतो. युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शनात हीच वाट आधी ठेवली आहे. आपल्याकडे तर ती जास्तच महत्त्वाची, कारण साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खायची सवय लागली आहे आणि ती औषधे अनेक जंतूंवर चालेनाशी झाली आहेत.

रोबोट येतो तो यानंतर. एमआरआयमध्ये खुणावलेली जागा आणि समोर चाललेली सोनोग्राफी यांची चित्रे संगणक एकावर एक बसवतो. मग प्रत्येक सुईची वाट, कोन आणि खोली ठरते. रोबोटचा हात सुईची वाटाडी नळी त्या कोनात नेऊन धरतो आणि सुई ठरल्यापेक्षा खोल जाऊ नये म्हणून अडसर लावतो. सिंगापूरमध्ये तयार झालेल्या ‘मोना लिसा’ नावाच्या यंत्रात तर कातडीला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोनच बारीक छिद्रे पडतात. त्यांतूनच वेगवेगळ्या कोनांत सुया जातात. तिथल्या रुग्णांवरच्या पहिल्या प्रयोगाचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पण सुई आत सरकवतात ते डॉक्टरच. यंत्र धरते, माणूस टोचतो.

यात अगदी अनोखे काही नाही. १९८५ साली अमेरिकेत कारखान्यातला एक यंत्रहात सुईला दिशा द्यायला वापरला गेला, तो मेंदूच्या बायोप्सीसाठी. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दालनातल्या रोबोटच्या पहिल्या पावलांपैकी एक बायोप्सीसाठीच होते. १९९१ मध्ये लंडनला एका रोबोटने प्रोस्टेटची वाढ कापली. भारतातही चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या पेशींवर चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य देऊन पेट-सीटी केला, चमकलेल्या जागेवर रोबोटच्या मदतीने नितंबाच्या बाजूने सुई नेली आणि ते काम २०२२ साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात मांडले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटचे भाग घडतात आणि बारामतीच्या शेतकऱ्यांनी उसाच्या फडात सेन्सर आणि उपग्रहाचे नकाशे आणले. आपल्याला यंत्राचे वावडे कधीच नव्हते. उसाच्या मुळाशी किती ओल आहे हे मोबाइलवर बघणाऱ्या माणसाला स्वतःचा पीएसए माहीत नसावा, एवढेच खटकते.

रोबोट काय करत नाही, तेही ऐका. एमआरआय वाचणाऱ्याने जागा चुकीची खुणावली, तर रोबोट अत्यंत अचूकपणे चुकीच्या जागेचा तुकडा काढून देईल. पॅथॉलॉजिस्ट अनुभवी नसेल, तर नेमका काढलेला तुकडाही वाया जाईल. एमआरआय, मधल्या कातडीची वाट आणि जाणता हात या तीन गोष्टी जुळल्या, तर रोबोटने त्यांच्यावर फार मोठी कडी केली आहे, असे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनी अजून ठामपणे दाखवलेले नाही. रोबोटचा खरा फायदा सारखेपणाचा आहे : शंभरावी सुईही पहिलीइतकीच नेटकी जाते आणि हात नवखा असला तरी फार चुकत नाही. हा फायदा खोटा नाही. पण त्यासाठी सहा महिने थांबलेल्या माणसाच्या अंगात कॅन्सर थांबलेला नसतो. तुमच्या डॉक्टरांच्या आवाक्यात रोबोट असेल तर करून घ्या. नसेल तर एमआरआयच्या आधाराने हाताने केलेली बायोप्सी ही दुय्यम दर्जाची तपासणी नाही, तीच करा. आणि फक्त ‘रोबोटिक’ हा शब्द पाटीवर बघून जमीन गहाण ठेवू नका.

बायोप्सी म्हणजे मरणाचा दाखला, ही समजूतही सोडा. ब्रिटनमध्ये पीएसएवरून सापडलेल्या, ग्रंथीबाहेर न गेलेल्या कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत वाटले : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसते नियमित लक्ष. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. कोणत्याही गटात असोत, सुमारे ९७ टक्के पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सरने मारले नव्हते. मंद जातीचा कॅन्सर निघाला तर चांगले डॉक्टर कापायची घाई करत नाहीत. काही महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी असे करत वर्षानुवर्षे माणूस आपली शेती करत राहतो. पण कॅन्सर मंद आहे की आडदांड, हे ठरवायला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जावाच लागतो. त्याला दुसरी वाट नाही.

घरच्यांनो, आता कामाचे बोलू. पन्नास ते सत्तर वयाच्या पुरुषाने पीएसए करायचा की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना, भावाला किंवा चुलत्याला हा आजार झाला असेल, तर पंचेचाळिशीतच विचारावे. आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगावे, काही घरांत दोन्हींचे मूळ एकाच जनुकात असते. खूप थकलेल्या, ऐंशीच्या घरातल्या, इतर गंभीर आजार असलेल्या आबांना मात्र उगाच तपासणीच्या फेऱ्यात ओढू नये. त्रास असेल तर त्रासावर उपचार करावेत.

पीएसए एकदा वाढला म्हणजे कॅन्सर झाला, असे नाही. जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी यांनीही आकडा वर जातो, म्हणून डॉक्टर पुष्कळदा काही आठवड्यांनी पुन्हा करायला लावतात. पुन्हा कराच. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते : ग्रंथी बारीक करायच्या ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड या गोळ्या सहा महिने-वर्षभर चालू असतील, तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो. रिपोर्टवर ३ लिहिलेले असते आणि खरा आकडा ६ च्या आसपास असतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, नाव आठवत बसू नका.

बायोप्सी ठरली की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का, हे न विचारताही सांगा. हृदयासाठी चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून मगच. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत, शौचात थोडे रक्त दिसेल, वीर्यात काही आठवडे तांबूसपणा राहील. त्याला घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा. गावातल्या गावात सलाईन लावून सकाळची वाट बघू नका, रक्तात जंतू गेले तर सकाळ फार लांब असते.

रिपोर्ट आल्यावर त्याची प्रत घ्या. त्यात ग्लिसन स्कोअर आणि ग्रेड लिहिलेला असतो, डॉक्टरांकडून तो समजून घ्या. मेणात बसवलेले तुकडे आणि स्लाइड मागून घेता येतात. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात त्यांच्यावर पुन्हा मत घेता येते, परत सुई टोचावी लागत नाही.

खर्चाचे भय खरे आहे, त्याला नावे ठेवणार नाही. पण दारे आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घेतले जात नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ते सगळ्या रेशनकार्डांसाठी खुले केले आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कोणती तपासणी आणि कोणता उपचार योजनेत बसतो, हे दाखल होण्याआधी त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी करता येते. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून पुढे पुण्याला ससून, बार्शीला कॅन्सर रुग्णालय, मुंबईला टाटा. सुरुवात जवळून करा, पुढे पाठवायचे ते डॉक्टर चिठ्ठी देऊन पाठवतील.

आशाताई घरी आल्या की तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चौकशी करतात. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात हे तीनच आहेत, प्रोस्टेट नाही. पीएसए सरसकट सगळ्यांचा करावा की नाही यावर जगभर वाद आहे आणि तो रास्त आहे, कारण निरुपद्रवी कॅन्सर सापडून नाहक शस्त्रक्रिया झालेले पुरुषही कमी नाहीत. पण याचा अर्थ एवढाच की तुमच्या दारात यासाठी कोणी येणार नाही. तुम्हालाच उठून जावे लागेल.

ज्यांच्या हातात पैसा आणि माइक आहे, त्यांच्याशीही दोन शब्द. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती कारखान्यांच्या संचालक मंडळांनी, दूध संघांनी, गणेश मंडळांनी आणि जयंत्या करणाऱ्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी कृपा करून पीएसएची शिबिरे हौसेने भरवू नयेत. पाचशे जणांचे रक्त काढायचे, बॅनरवर फोटो लावायचा आणि आकडा वाढलेल्यांच्या हातात कागद देऊन मोकळे व्हायचे, हा उपकार नव्हे. कपाटात पडलेले रिपोर्ट अशानेच वाढतात. शिबिर घ्यायचे तर आधी ठरवा : वाढलेल्यांना कोणता मूत्ररोगतज्ज्ञ बघणार, एमआरआय कुठे आणि कोणाच्या पैशाने होणार, आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारणार कोण. या तिन्हींची नावे कागदावर असतील तरच मंडप टाका.

नगरपरिषदेचे सदस्य आणि आपले लोकप्रतिनिधी यांना निवेदन द्यायचे तर ‘बारामतीला रोबोट हवा’ एवढ्यावर थांबू नका. जळोची आता बारामती शहराच्या हद्दीत आहे, मागणीही शहाण्यासारखी करू. ठरलेल्या वारी शासकीय ओपीडीत मूत्ररोगतज्ज्ञ, प्रोस्टेटचा एमआरआय वाचायला शिकलेला रेडिओलॉजिस्ट, मधल्या कातडीतून भूल देऊन बायोप्सी करायची सोय आणि वेळेत रिपोर्ट देणारा पॅथॉलॉजी विभाग ही पहिली मागणी. हे असेल तर उद्या आलेला रोबोट वैद्यकीय महाविद्यालयात कामाला लागेल, मुलेही त्यावर शिकतील. हे नसेल तर तो उद्घाटनाच्या फितीसकट झाकून ठेवला जाईल. रोबोटला माझा विरोध नाही. झाकून ठेवलेल्या यंत्रांना आहे.

गावातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती : आकडा वाढला की चिठ्ठीवर नुसते ‘युरोलॉजिस्ट’ लिहू नका. किती दिवसांत जायचे ते लिहा, आणि पुढच्या वेळी तोच माणूस खोकल्यासाठी आला तरी "त्या तपासणीचं काय झालं?" एवढे विचारा. मेडिकलवाल्यांनो, लघवीच्या गोळ्या वर्षानुवर्षे जुन्या चिठ्ठीवर नेणाऱ्या नानांना एकदा तरी डॉक्टरांकडे परत पाठवा. दिंडीप्रमुखांनो, तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते तेव्हा तुमच्या दिंडीत साठीपुढचे किती पुरुष असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. निघण्याआधी त्यांना विचारून घ्या.

सुनबाई, तुमचे सासरे तुमच्याशी हे बोलणार नाहीत, पण रात्री कितीदा दाराची कडी वाजते ते तुम्हाला ऐकू येते. नवऱ्याला सांगा. काकू, चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तुमचे ऐकले नसेल. हे ऐकवा, भांडण झाले तरी चालेल.

ज्यांना बायोप्सी सांगून महिना उलटून गेला आहे, त्यांनी हा आठवडा जाऊ देऊ नये. जुना रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत घाला, घरातल्या एकाला सोबत घ्या आणि सकाळच्या ओपीडीला जा.